आपला अभ्यासक्रम आपणच आंखावा काय?

२०२४ सालच्या जून महिन्यांत, बारावीचे निकाल लागून कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले त्या सुमारास, मेहरूण येथील आमच्या घरीं एक लहानसें वादळ उठलें. मेहरूण म्हणजे पूर्वीं जळगांवाबाहेरचें खेडें. आतां शहरानें तें पोटांत घेतलें आहे. तळें मात्र आहे, आणि ज्या बोरांनीं ह्या गांवाचें नांव दूरवर नेलें त्यांचीं कांहीं झाडेंहि अजून उभीं आहेत. अशा ठिकाणीं तीन पिढ्या एका छपराखालीं नांदत असल्या म्हणजे कोणत्याहि प्रश्नाचा निकाल एकट्यादुकट्याच्या मतानें लागत नाहीं. आमची पुतणी बारावीस चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली होती. तिचे वडील, म्हणजे आमचे दादा, यांनीं अभियांत्रिकीच्या प्रवेशाची सारी माहिती जमवून ठेविली होती. मातुःश्रींचें मत औषधशास्त्राकडे होतें, कारण शेजारच्या दोन मुली त्या वाटेनें गेल्या होत्या. आणि रात्रीचीं पानें वाढून होत असतांना मुलीनें शांतपणें सांगितलें, "बाबा, मला ह्यांतलें कांहींच नको. मला माझा विषय मीच ठरवायचा आहे."

जेवणें आटोपेपर्यंत कोणी कांहीं बोललें नाहीं. पुढें माजघरांत सुपारी कातरतांना मातुःश्रींनीं विचारलें, "विषय ठरवायचा म्हणजे काय ग? विषय काय पापड आहेत, आपल्या हातानें लाटायला?" ह्या प्रश्नाचें उत्तर देतां देतां आम्हांस जें वाचावें लागलें आणि चार ठिकाणीं जी चौकशी करावी लागली, तें येथें मांडीत आहों. आमच्याप्रमाणें पुष्कळ घरांत हा प्रश्न आज ना उद्यां माजघरापर्यंत येणार आहे.

मुलीचें आजोळ धुळें जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांत, पांझरा नदीच्या कांठीं आहे. पांझरा, मोसम आणि आरम ह्या नद्यांवर, धुळें व नाशिक ह्या जिल्ह्यांत, पाणी वांटून घेण्याची जी फडपद्धति आहे ती आमच्या वाचकांपैकीं कांहींस ठाऊक असेल. ती तीनचारशें वर्षांची जुनी असावी असें जाणते सांगतात. नदींत बंधारा घातलेला असतो. बंधाऱ्यापासून कालवा निघतो. तो कोठें दोन तर कोठें बारा किलोमीटरांपर्यंत लांब असतो. कालव्यापासून चाऱ्या, चाऱ्यांपासून शेताशेतांत जाणारे सारंग, आणि जास्तीचें पाणी बाहेर काढून देणारे सांडम. भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा चार फड पाडलेले असतात, आणि एका फडांत एकच पीक घ्यावयाचें असा दंडक असतो. कोणत्या फडांत ऊस, कोणत्यांत हंगामी पीक, आणि पाऊस ओढ देईल त्या वर्षीं कोणता फड कोरडा ठेवावयाचा, हें गांवानें मिळून ठरवावयाचें. पाणी फिरविणारा पाटकरी, राखणीस जागल्या, वर देखरेखीस हवालदार. हीं माणसेंहि गांवानेंच नेमलेलीं. सरकारी पाटबंधारे खात्याचें नांवहि कोणास ठाऊक नव्हतें तेव्हांपासून हें असें चालत आलें. पुढें विहिरी आल्या, पंप आले, नदीवर वरच्या अंगास मोठीं धरणें झालीं, आणि पुष्कळ फड मोडले. कांहीं टिकले.

लहानपणीं सुटींत आजोळीं गेलेली ही मुलगी पाटांत पाय सोडून बसे. बारावीच्या वर्षीं भूगोलाच्या कुठल्याशा पुस्तकांत तिला फडाविषयीं चार ओळी आढळल्या, आणि तेव्हांपासून तिच्या डोक्यांत हें घेऊन बसलें. तिची अडचण खरी होती. फड शिकावयाचा तर कोणत्या खात्याच्या दारांत उभें राहावयाचें? अभियांत्रिकींत कालव्याचा उतार आणि पाण्याचा वेग शिकवितात. पण पाटकऱ्याचा शब्द गांव कां मानतो हें तेथें कोणी विचारीत नाहीं. समाजशास्त्रांत तें विचारतात, पण दर सेकंदास किती लिटर पाणी कालव्यांतून वाहतें हें मोजण्याची तेथें सोय नाहीं. शेतकीवाल्यास पीक दिसतें, इतिहासवाल्यास जुना कागद दिसतो, आणि सारंग, सांडम, जागल्या हे शब्द जपून ठेवणें झालें तर तें मराठीच्या खात्याचें काम. एकच बंधारा; पण पांच खात्यांनीं त्याचे पांच तुकडे करून आपापल्या कपाटांत ठेविलेले.

ही तक्रार एकट्या आमच्या घरची नव्हे. अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठांत १९६९ सालीं अभ्यासक्रमाची जी मोठी फेररचना झाली तिच्या मुळाशीं आयरा मॅगझिनर आणि इलियट मॅक्सवेल ह्या दोघा विद्यार्थ्यांनीं चालविलेला खटाटोप होता. ठराविक विषयांपैकीं कोणताहि आपल्या प्रश्नास पुरा पडत नसेल, तर विद्यार्थ्यानें स्वतः विषय आंखावा, त्याचें लेखी निवेदन करावें, आणि अध्यापकांच्या मंडळानें तें तपासून मंजूर किंवा नामंजूर करावें, अशी वहिवाट त्या देशांतील अनेक कॉलेजांत आहे. इंडियाना विद्यापीठांत विल शॉर्ट्झ नांवाच्या तरुणानें ह्याच वाटेनें 'कोड्यांचें शास्त्र' असा विषय आंखून १९७४ सालीं पदवी घेतली. लोक हंसले असतील. परंतु १९९३ सालीं तोच 'न्यूयॉर्क टाइम्स' पत्राच्या शब्दकोड्यांचा संपादक झाला. त्या जागेस ह्याहून चोख पदवी दुसरी कोणती असणार?

तथापि त्याच देशाच्या इतिहासांत ह्याची दुसरी बाजूहि आहे, आणि ती आईबापांनीं विसरूं नये. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट हे १८६९ पासून १९०९ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, त्या जागेवर होते. त्यांनीं सक्तीचे विषय एकामागून एक उठवून विद्यार्थ्यांस जवळजवळ संपूर्ण मोकळीक दिली. हेतु उदात्त होता. पण पुष्कळ तरुणांनीं त्या मोकळिकीचा उपयोग सोपे तास आणि सोयीच्या वेळा निवडण्याकडे केला. एलियटांच्या मागून आलेले लोवेल यांस, निदान एका विषयांत खोल जावें आणि बाकीचे विषय ठराविक गटांतून वांटून घ्यावे, असा नियम पुन्हां घालावा लागला. पंगतींत पंधरा पदार्थ वाढले म्हणजे जेवण पोटभर होतेंच असें नाहीं. ज्याला भूक नाहीं तो कोशिंबीर आणि जिलबी खाऊन उठतो.

आतां आमच्याकडे पाहूं. दादांचें म्हणणें असें कीं, हीं सगळीं अमेरिकेंतलीं थेरें. आपल्या लोकांनीं नीट ठरलेल्या वाटेनें शिकून नांव मिळविलें. आम्हीं त्यांस धुळ्याचीच आठवण करून दिली. इतिहासाचार्य राजवाडे यांचा देह १९२६ च्या डिसेंबरांत धुळ्यास पडला, आणि त्यांच्या कागदपत्रांसाठीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथेंच उभें राहिलें. ह्या पुरुषानें डेक्कन कॉलेजांत असतां नेमलेल्या पुस्तकांपेक्षां न नेमलेल्यांवरच अधिक वेळ घालविला, आणि तें स्वतःच निःसंकोचपणें लिहून ठेविलें. मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें बावीस खंडांत छापणारा मनुष्य तोच, व्याकरण आणि शब्दव्युत्पत्ति यांवर लिहिणारा तोच, आणि समाजशास्त्रांत हात घालणाराहि तोच. त्यांस कोणत्या एका विषयाची पदवी द्यावयाची? गोव्यांतील कोसबें गांवीं १९०७ सालीं जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे हार्वर्डचे पदवीधर आणि धंद्यानें गणिती. त्यांनीं आहत नाण्यांचीं वजनें घेऊन, चलनांत राहून नाणें किती झिजतें ह्याचें गणित मांडलें आणि त्यावरून इतिहास शोधला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तिहि त्यांनींच सिद्ध केली. ज्या घरांत राजवाड्यांचें नांव घेतांना हात जोडले जातात, त्या घरांत मुलीनें भूगोलाबरोबर मराठी घेतों म्हणतांच कपाळास आठी कां पडावी, हें आम्हांस कळत नाहीं. कदाचित् थोरांचा स्वच्छंद आम्हांस शंभर वर्षांनंतरच आवडतो.

ह्यावर दादांनीं जें उत्तर दिलें तें मात्र झटकून टाकण्याजोगें नव्हतें. ते म्हणाले, "राजवाड्यांना नोकरी करायची नव्हती. हिला करायची आहे. उद्यां अर्जांत पदवीच्या रकान्यांत ही काय लिहिणार?"

पदवीच्या नांवाची ही भीति महाराष्ट्राच्या चांगल्या ओळखीची आहे. अण्णासाहेब कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ काढलें तेव्हां संबंध अभ्यासक्रमच नवा आंखला. शिक्षण मातृभाषेंतून, आणि विषयांत गृहव्यवस्था व आरोग्य यांस स्थान. पदवीचें नांवहि नवें ठेविलें: 'गृहीतागमा'. त्यापुढची ती 'प्रदेयागमा'. नांवें सुंदर आहेत, पण सरकारदरबारीं त्यांची किंमत कितीशी होती? विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळून त्याच्या पदव्या इतरांच्या बरोबरीच्या ठरावयास १९५१ साल उजाडलें. मधल्या पस्तीस वर्षांत ज्या मुली 'जी. ए.' झाल्या त्यांस आपल्या पदवीचा अर्थ दर ठिकाणीं समजावून सांगावा लागला असेल. त्यांनीं तो सांगितला, आणि पुढच्या मुलींची वाट मोकळी झाली. परंतु आपल्या मुलीनें ती किंमत द्यावी काय, असें बाप विचारतो तेव्हां त्याला भित्रा म्हणतां येत नाहीं. शिक्षकाच्या जागेस शाळेंतल्या विषयाशीं जुळणारी पदवी लागते. भूजलाच्या खात्यांत भूवैज्ञानिक व्हावयाचें तर भूशास्त्रच पाहिजे; तेथें 'जल व समाज' असें कांहीं लिहून चालत नाहीं.

म्हणून आम्हीं नियम काय आहेत ते पाहण्याचें ठरविलें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानें पदवीची जी नवी चौकट घातली, ती महाराष्ट्र सरकारनें २० एप्रिल २०२३ च्या निर्णयानें आपल्या राज्यास लागू केली. स्वायत्त कॉलेजांत त्याच वर्षीं, आणि विद्यापीठांशीं संलग्न अशा इतर कॉलेजांत २०२४ पासून. तिचें गणित श्रेयांकांवर चालतें. वर्गांतले पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिक असल्यास तीस तासांस एक. तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२ श्रेयांक, आणि संशोधनासह चार वर्षांच्या पदवीस १६० ते १७६. ह्यांत एक मुख्य विषय असतो. दुय्यम विषयास १८ ते २० श्रेयांक असतात, आणि तो मुख्य विषयाच्याच शाखेंतला असावा अशी अट नाहीं. शिवाय १० ते १२ श्रेयांकांचे खुले विषय, आणि हे तर मुख्य विषयाची शाखा सोडून दुसऱ्याच शाखेंतून घ्यावे लागतात. त्याखेरीज क्षेत्रांतला प्रकल्प, लोकांत जाऊन करावयाचें काम, प्रत्यक्ष उमेदवारी; आणि चौथ्या वर्षीं संशोधन घेतल्यास त्या प्रबंधासच १२ श्रेयांक. मिळविलेले श्रेयांक २०२१ पासून सुरू झालेल्या श्रेयांकपेढींत जमा राहतात. सरकारच्या 'स्वयम्' ह्या व्यवस्थेवरून, कॉलेजनें मान्य केल्यास, एका सत्रांतले शेंकडा चाळीसपर्यंत अभ्यासक्रम घरबसल्या पुरे करतां येतात.

आता हें सर्व वाचून कोणाची अशी समजूत होईल कीं, ब्राउनची मोकळीक जळगांवांत आली. ती आलेली नाहीं. येथें विद्यार्थ्यास नव्या नांवाचा विषय निर्माण करतां येत नाहीं. पदवीवर मुख्य विषयाचें जें नांव येईल तें विद्यापीठाच्या यादींतलेंच असेल. पण यादींतल्या विषयांतून कोणता मुख्य घ्यावा, कोणता दुय्यम, प्रकल्प कोणत्या गांवीं करावा, आणि हे सगळे कोणत्या एका दोऱ्यानें ओंवावे, हें मुलीच्या हातांत आहे. मातुःश्रींस हें लगेच कळलें. त्या म्हणाल्या, "म्हणजे नवं लुगडं विणायचं नाहीं, आहेत त्याच तुकड्यांची गोधडी शिवायची." दादांच्या शंकेचाहि निम्मा निकाल ह्यानें लागला, कारण रकान्यांत लिहावयास सर्वांच्या ओळखीचें नांव राहतें.

मुलीनें प्रथम जें निवेदन लिहिलें तें नऊ पानांचें होतें. त्याचा मथळा होता 'खानदेशांतील जल, समाज, संस्कृति व शाश्वत विकास यांचा समन्वित अभ्यास.' हा मथळा सुचविण्यांत आमचाहि हात होता, हें कबूल केलें पाहिजे. आम्हांस तो भारदस्त वाटला. तिच्या कॉलेजांतील भूगोलाच्या सरांनीं नऊहि पानें वाचलीं आणि परत देतांना एवढेंच विचारलें, "ह्यांत सात विषय आहेत. प्रश्न कोणता आहे?" मुलगी हिरमुसून घरीं आली. दोन दिवस ती कोणाशीं बोलली नाहीं, आणि दादांनीं अभियांत्रिकीचे कागद पुन्हां वर काढले.

तिसऱ्या दिवशीं ओसरीवर तांदूळ निवडीत असतां मातुःश्रींनीं सहज चौकशी केली, "तुझ्या आजोळचा तो फड अजून चालतो ना ग?" चालतो, असें ती म्हणाली. "आणि तुझ्या मावशीच्या सासरचा?" तो मोडला, पुष्कळ वर्षें झालीं. "नदी एकच ना?" एकच. "मग एकाचा राहिला आणि दुसऱ्याचा मोडला, हें कशानें?" मुलगी तेथून उठली ती वही घेऊन बसली. मातुःश्रींची शाळा सातवींतच सुटली. ज्या विद्यापीठाच्या अधिकारांत हे अभ्यासक्रम चालतात त्यास २०१८ सालीं बहिणाबाई चौधरी यांचें नांव दिलें गेलें, आणि त्या आसोद्याच्या लेकीला तर अक्षरओळखहि नव्हती. तेव्हां आम्ही ह्यांत आश्चर्य मानीत नाहीं.

दुसरें निवेदन दीड पानाचें झालें. 'एकाच नदीवरच्या दोन गांवांपैकीं एकाचा फड टिकला आणि दुसऱ्याचा मोडला, तो पाण्यामुळें, पिकामुळें कीं माणसांच्या करारामुळें?' हा पहिला परिच्छेद. मग हा प्रश्न एका विषयानें कां सुटणार नाहीं हें पांच ओळींत. मुख्य विषय भूगोल. कारण नकाशा, मोजणी, पाऊस आणि जमीन ह्यांवांचून पहिलें पाऊलच पडत नाहीं. दुय्यम मराठी, कारण हवालदाराचे अधिकार काय होते हें कोणत्याहि छापील पुस्तकापेक्षां म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यांत अधिक सांपडेल, आणि अहिराणी बोलणाऱ्याचें म्हणणें नीट टिपून घेण्यास भाषेचें शिक्षण लागतें. खुल्या विषयांत विज्ञानशाखेचें संख्याशास्त्र. जलविज्ञान कॉलेजांत नाहीं, तेव्हां तें 'स्वयम्'वरून, मान्यता मिळाल्यास. दुसऱ्या वर्षीं क्षेत्रप्रकल्प म्हणून आजोळच्या कालव्याची मोजणी व त्या शब्दांचा संग्रह. तिसऱ्या वर्षीं मोडलेल्या फडाच्या गांवीं तेंच काम. चौथ्या वर्षीं दोहोंची तुलना करून प्रबंध. शेवटीं भूगोलाच्या सरांची आणि मराठीच्या बाईंची लेखी संमति. आणि एक वाक्य तिनें आपल्या बुद्धीनें घातलें होतें, जें आम्हांस फार आवडलें: हा बेत दुसऱ्या वर्षाअखेर फसला असें दिसल्यास मी नेहमींचा भूगोलाचा अभ्यासक्रम पुरा करीन, आणि माझे कोणतेहि श्रेयांक वायां जाणार नाहींत.

ज्या घरांत असा अर्ज लिहिला जात असेल त्यांस आमचें सांगणें असें कीं, हें शेवटचें वाक्य आधीं लिहून पाहावें. परतीची वाट जिला दाखवितां येत नाहीं तिला अर्ज करूं देऊं नये. आणि दोन अध्यापकांची संमति म्हणजे नुसत्या सह्या समजूं नयेत. ज्यांनीं सही दिली ते बदलून जातील, रजेवर जातील, निवृत्त होतील. सर किती वर्षें राहणार आहेत हें अदबीनें विचारण्यांत कमीपणा नाहीं. आमच्या मुलीनें विचारलें. सर हंसले आणि म्हणाले, "अजून सहा वर्षें तरी मला कोणी हलवीत नाहीं."

घरांत प्रश्न उरला तो वहिनींचा. मुलीनें एकटीनें खेडोपाडीं हिंडून म्हाताऱ्या पुरुषांना प्रश्न विचारणें त्यांच्या मनास येईना. वादविवादानें हें सुटलें नसतें. त्यांच्या माहेरच्या भावानें निरोप धाडला कीं, मुलगी आमच्या घरीं राहील आणि आमचा मुलगा बरोबर जाईल, एवढ्यानें सुटलें. एकत्र कुटुंब मुलींच्या शिक्षणाच्या आड येतें असें लिहिण्याची हल्लीं चाल आहे, आणि तें पुष्कळदां खरेंहि असतें. परंतु धुळ्यापलीकडे राहण्याजेवण्याची सोय आणि सोबतीला भाऊ, हें दुसऱ्या कोणत्या संस्थेनें एका निरोपावर पुरविलें असतें?

कॉलेजांत मात्र निवेदन मंजूर होणें ही सुरुवातच ठरली. कचेरींत प्रथम सांगण्यांत आलें कीं, भूगोलाच्या प्रात्यक्षिकाची वेळ आणि मराठीचा तास एकावर एक येतात, सबब ही जोडी यादींत नाहीं. धोरणाच्या कागदावर मोकळीक आहे, परंतु वर्गखोल्या आणि रिकाम्या पडलेल्या अध्यापकांच्या जागा त्या कागदाच्या स्वाधीन नाहींत. सात आठ मुलांनींच घेतलेला विषय चालविणें अनेक कॉलेजांस परवडत नाहीं, आणि त्याबद्दल एकट्या प्राचार्यांस दोष देऊन काय होणार? मुलीनें प्रात्यक्षिकाची तुकडी बदलून मागितली. तिसऱ्या अर्जास ती मिळाली. त्यापायीं आठवड्यांतून दोन दिवस ती सकाळीं सातला घर सोडते आणि दिवेलागणीस परत येते. जलविज्ञानास पहिल्या वर्षीं मान्यता मिळालीच नाहीं. तो अभ्यास ती श्रेयांकांवांचून, आपल्यापुरता करते.

२०२५ च्या मे महिन्यांत ती आजोळीं तीन आठवडे राहिली. प्रकल्पास अजून वेळ होता, पण पाट कोरडा असतांनाच त्याचा तळ आणि रुंदी मोजतां येते, म्हणून ती आधींच गेली. बरोबर पन्नास मीटरांची फीत, मामेभाऊ आणि एक वही. परत आली तेव्हां वहींत एकशें चाळीस शब्द होते. त्यांतले पुष्कळ मराठीच्या बाईंनींहि ऐकलेले नव्हते. परंतु आजोळच्या दोन वृद्धांनीं एकाच गोष्टीच्या दोन हकीगती सांगितल्या. एक म्हणाले, शेजारच्या गांवचा फड विहिरींनीं मोडला; ज्याच्याजवळ विहीर आली त्याला पाटकऱ्याची गरज उरली नाहीं. दुसरे म्हणाले, विहिरी मागाहून आल्या. आधीं लोकांनीं पाटकऱ्याचें धान्य देणें बंद केलें. कोणतें आधीं झालें हें ठरविण्यास विहिरींचीं सालें पाहिजेत, आणि तीं सातबाऱ्याच्या उताऱ्यांवरून काढावीं लागतील असें सरांचें मत पडलें. तेव्हां मूळ बेतांत नसलेला तलाठ्याचा दप्तरहि आतां अभ्यासक्रमांत आला आहे. जुने उतारे वाचावयास दादांच्या हाताखालीं बसावें लागतें, कारण घरांत तें त्यांसच येतें.

संशोधनासह चौथें वर्ष करावयाचें तर पहिल्या सहा सत्रांत शेंकडा पंच्याहत्तर गुण पाहिजेत, असा आयोगाचा नियम आहे. पहिल्या वर्षाअखेर मुलीस त्र्याहत्तर पडले. संख्याशास्त्रानें घात केला. दिवाळींत सगळे जमले असतां दादांनीं आम्हांस बाजूस घेतलें. आम्हांस वाटलें, अभियांत्रिकीची गोष्ट निघते. ते विचारीत होते कीं, संख्याशास्त्र शिकविणारा कोणी चांगला मनुष्य मेहरूणांत किंवा जळगांवांत आमच्या ओळखीचा आहे काय.